वाचकांचे प्रश्न : मुडदुशीची जागा किनाऱ्यावर कशी हेरायची?

दिवाळी झाली की कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून समुद्रावर गळ टाकायला जाणारे आपल्या भागात बरेच आहेत. या महिन्यातले बहुतेक प्रश्न मुडदुशी या माशाचेच आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : गुहागरला आम्ही अधूनमधून जातो. किनारा लांबच्या लांब, आणि आमच्या डोळ्यांना सगळीकडे सारखाच. स्थानिक माणूस तासाभरात पिशवी भरतो, आमच्या गळाला एखादी मुडदुशी लागली तर लागली. नक्की उभं कुठं राहायचं? (एक वाचक, कराड)

किनारा सारखा दिसतो तो भरतीला. ओहोटीला, त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी पार मागे गेलं की त्याच किनाऱ्याचे खळगे, चर आणि उंचवटे उघडे पडतात. जागा तेव्हा शोधायची, आणि शोधताना हातात गळाची दांडी नसली तर उत्तम.

मुडदुशी हा मोकळ्या वाळूवर चरणारा मासा. तोंड लहान, खालच्या बाजूला वळलेलं. वाळूतल्या अळ्या-किडे, बारीक कोळंबी, असले जीव ती टिपते. घाबरली की वाळूतच घुसून बसते. भरतीचं पाणी चढायला लागलं की थवे त्याच्याबरोबर काठाकडे येतात, कारण नुकत्याच भिजलेल्या वाळूत त्यांना खाणं मिळतं. म्हणजे ओहोटीला जिथे तुम्ही कोरड्या पायांनी चालता, तिथेच चार तासांनी मासा चरत असतो.

चालताना सगळ्यात आधी किनाऱ्याला समांतर गेलेला चर शोधा. ओहोटीतही त्यात घोटाभर किंवा गुडघाभर पाणी साचून राहतं. चराच्या समुद्राकडच्या अंगाला वाळूचा लांबट बांध असतो. हा बांध जिथे फुटून चराचं पाणी समुद्राकडे वाहतं, ते तोंड नीट लक्षात ठेवा. पाणी चढताना मासा बहुधा तिथूनच आत शिरतो आणि मग चराच्या मध्यभागी न थांबता उताराच्या कडेकडेने फिरतो.

मग वाळू पाहा. शेवेच्या वेटोळ्यांसारखे वाळूचे बारीक ढीग, पेन्सिलच्या जाडीची भोकं, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतणारी ओलसर वाळू ही खाण्याची खूण. जिथे पोरं क्रिकेट खेळतात, गाड्या फिरवतात, तिथली वाळू दाबून घट्ट झालेली असते. तिथे चर चांगला असला तरी आम्ही उभे राहणार नाही.

जागा सापडली की तिची खूण जमिनीवर धरा. एखादा माड आणि त्याच्या मागचं छप्पर एका रेषेत येतं ती एक रेष, तशीच दुसरी रेष बाजूच्या दिशेने. दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुमचा चर. चराजवळ उभं राहून झाडांकडे तोंड करून मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला तर भरतीला अंदाज चुकत नाही. नुसतं ‘देवळासमोर’ एवढं लक्षात ठेवलं तर पन्नास पावलांचा फरक सहज पडतो, आणि चर काही तेवढा रुंद नसतो.

भरतीला तो चर पाण्यावरून ओळखायचा तो असा : लाट बाहेर बांधावर फुटते, पांढरी होते, मग मधला पट्टा शांत आणि गडद दिसतो, आणि काठाशी ती पुन्हा फुटते. हा मधला गडद पट्टा म्हणजे चर. नवख्यांची चूक अशी की सगळी ताकद लावून गळ बांधापलीकडे फेकतात. मासा पंधरा ते तीस मीटरवर असतो, कधी कधी त्याहूनही जवळ. पाणी जसं चढेल तसे मागे सरा. वीस मिनिटांत एकही टोक लागलं नाही (म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावल्याचा ठोका जाणवला नाही) तर आमिष बदलत बसण्यापेक्षा चराच्या कडेने वीस-तीस पावलं पुढे जा.

गेल्या वर्षीच्या खुणेवर विसंबू नका. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून हळूहळू परत बसते. चर दरवर्षी नव्या जागी पडतो.

आणि एक गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. बांध फुटून पाणी समुद्राकडे जातं त्या तोंडाशी जशी मासळी असते, तशी समुद्रात खेचणारी ओढही तिथेच असते. लाट फुटत नाही म्हणून ती जागा पोहायला सुरक्षित वाटते आणि घाटावरची माणसं नेमकी तिथेच उतरतात. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, पोरांना त्या पट्ट्यात मुळीच सोडू नका. ओढीत कोणी सापडलाच तर काठाकडे सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं.

प्रश्न : मिरजेहून रत्नागिरीला जायचं म्हणजे रजा आधी टाकावी लागते. चांगला दिवस महिनाभर आधी कसा ठरवायचा? (एक वाचक, मिरज)

भिंतीवरच्या पंचांगाच्या दिनदर्शिकेवरून ठरवता येतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरती साधारण तितक्या वाजता पूर्ण होते. कोकणातला हा जुना हिशेब आहे आणि शुक्ल, कृष्ण दोन्ही पक्षांना चालतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि ओहोटी भरतीनंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर वेळ पडताळून घ्या.

मुडदुशीसाठी हवेत भरतीचे शेवटचे दोन-अडीच तास आणि पाणी फिरल्यावरचा पहिला अर्धा तास. तेही सकाळी, कारण पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी निवांत असतं आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) ताणलेला राहतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की तंगुसाला पोट येतं आणि टोक कळत नाही.

आता हे जुळवा. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे पावणेसहापासून पाणी कामाचं. आदल्या दिवशी दशमी, तिची ओहोटी दुपारी पावणेदोनच्या आसपास. शनिवारी दशमी आणि रविवारी एकादशी असा जोड आला तर सकाळी मिरजेहून निघा, दुपारच्या ओहोटीला किनारा पायाखालून घाला, रविवारी उजाडताना गळ टाका आणि जेवणाच्या वेळेला परतीला लागा. शिवाय अष्टमीच्या भांगानंतरचे (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तो भांग) हे दिवस, पाण्याला जोर बेताचा असतो. पौर्णिमेच्या उधाणात किनारा छान उघडा पडतो, पण भरती दुपारच्या उन्हावाऱ्यात सापडते. उधाण पाहणीसाठी ठेवा.

हंगाम ऑक्टोबर अखेरपासून मार्चपर्यंत उत्तम. जून ते ऑगस्ट समुद्राकडे जाऊच नका.

प्रश्न : टोक लागल्यासारखं वाटतं, ओढलं की रिकामा गळ. आमिष तेवढं गायब. चुकतंय कुठे? (एक वाचक, विटा)

गळ मोठा असणार. दुकानदार समुद्र म्हटलं की मोठा गळ काढून देतो आणि मुडदुशीच्या तोंडात तो मावत नाही. लांब दांड्याचा, बारीक तारेचा ६ ते ८ नंबरचा गळ घ्या (आकडा वाढेल तसा गळ लहान होतो).

मुख्य तंगूस ०.२५ मि.मी., त्यावर मोकळं सरकणारं शिसं, मग एक मणी, फिरकी (तंगुसाला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि फिरकीपुढे ०.२० मि.मी. तंगुसाचा ५० ते ६० सें.मी. तुकडा, त्याच्या टोकाला गळ. शिसं सरकतं ठेवायचं कारण, माशाने आमिष उचललं की त्याला वजन जाणवत नाही. पाणी शांत असेल तर १० ते १५ ग्रॅम शिसं पुरतं, लाट असेल तर ३० ग्रॅमपर्यंत जा. शिसं लाटेबरोबर सावकाश घरंगळलं तर ते चांगलंच, मासा हलत्या आमिषामागे येतो. जड शिशाने गळ एका जागी खिळून राहतो आणि मग खेकडे आमिष पोखरतात.

आमिष म्हणून ताजी कोळंबी घ्या. डोकं आणि साल काढा, दीड-दोन सें.मी.चा तुकडा कापा, गळाच्या वाकणावरून दांड्यावर मोज्यासारखा चढवा आणि गळाचं टोक जेमतेम बाहेर ठेवा. खाली लोंबणारं शेपूट राहिलं की मासा तेवढंच तोडून नेतो, तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांसही चालतं, पण फेकताना सुटतं. त्याला शिवणाच्या दोऱ्याचे दोन वेढे द्या. बर्फातली मऊ पडलेली कोळंबी असेल तर आदल्या रात्री जाडं मीठ लावून ठेवा, घट्ट होते.

टोक कसं लागतं ते बोटाला शिकवा. तंगूस तर्जनीवर धरला की आधी ‘टक-टक’ असे दोन हलके ठोके येतात. तेव्हा ओढलं की गळ रिकामा. अर्धा हात तंगूस सैल सोडा, पुढची जरा लांब ओढ येऊ द्या आणि मग दांडी नुसती उचला. झटका देऊ नका, तोंडाची कातडी पातळ असते, फाटते. ठोके न लागता तंगूस कापल्यासारखा तुटून येत असेल तर तो केंड मासा आहे. जागा बदला, आणि केंड गळाला लागला तर खाऊ नका, तो विषारी असतो.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या व्हिडिओंत ‘व्हायटिंग’ पकडतात तो मासा आणि मुडदुशी एकच का? (एक वाचक, सातारा)

कुळ एकच, जात वेगळी. तिथली वाळूतली व्हायटिंग अर्ध्या मीटरपर्यंत वाढते, आपली मुडदुशी बहुतेक वीस सें.मी.च्या आसपास आणि फार तर फूटभर. किनारा वाचायची तिथली रीत इथे जशीच्या तशी चालते, पण गळ आणि तंगूस त्यांच्या मापाने घेऊ नका. पंधरा सें.मी.च्या आतली मुडदुशी हात ओला करून धरा आणि परत सोडा.

प्रश्न : खाडीच्या मुखाशी जास्त मासे मिळतात असं ऐकलं. मोकळा किनारा सोडून तिकडे जावं का? (एक वाचक, वाई)

जावं, लाट मोठी असेल त्या दिवशी तर जावंच. भाट्याला काजळी नदी, आंजर्ल्याला जोग नदी, देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते. अशा मुखांशी वाळूचे दांडे असतात आणि मुडदुशी त्यांच्या उतारावर येते. मुख्य धारेत गळ टाकू नका. धार आणि संथ पाणी यांच्या मधली रेघ पाण्यावर फेसाने, पाल्यापाचोळ्याने दिसते, तिच्या संथ अंगाला टाका. पाणी गढूळ असेल तर समुद्राच्या बाजूला सरका.

इथे दोन मासे सांभाळा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात. तो हाताने न धरता पक्कडीने गळ काढा. पाकट वाळूत पसरून पडलेली असते, म्हणून पाण्यात पाऊल उचलून न टाकता घासत चाला, ती आधीच सरकते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवा आणि दवाखाना गाठा.

भरती चढताना वाळूच्या दांड्याच्या टोकावर उभं राहू नका, मागचा चर आधी भरतो आणि वाट बंद होते. मालवणजवळच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. कासवांची घरटी असलेल्या किनाऱ्यांवर, उदाहरणार्थ वेळास, गुहागर, आंजर्ले, रात्री बॅटरी घेऊन फिरणं टाळा आणि तंगुसाचा तुकडाही मागे ठेवू नका.

प्रश्न : जायच्या आधी गळ फेकायचा सराव हरिपूरला कृष्णेत केला तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

नदीच्या काठाला उभं राहून नको. सांगलीच्या भागात कृष्णेत मगरी आहेत आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. मुडदुशी खाऱ्या-मचूळ पाण्यातली, ती कृष्णेत मिळणारही नाही. सरावाला पाणी लागतच नाही. ऊस तुटलेल्या मोकळ्या रानात किंवा मैदानावर गळ न लावता नुसतं १५ ग्रॅम शिसं बांधा, वीस-पंचवीस मीटरवर पोतं अंथरा आणि शिसं पोत्यावर पडेपर्यंत फेका. समोर आणि मागे माणूस, जनावर नसेल याची खात्री करा. वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही पाहा.