मूकपटांच्या काळातली एखादी हलकीफुलकी प्रेमकथा सुचवाल का? संवादच नसतील तर कंटाळा येत नाही का?

हॅरल्ड लॉइडचा ‘गर्ल शाय’ (१९२४) बघा. विनोदी मूकपट म्हटलं की आपली गाडी चॅप्लिनपाशी थांबते, फार तर बस्टर कीटनपर्यंत जाते. पण त्या काळात लॉइडचीही तेवढीच चलती होती. गोल चष्मा लावणारा, चारचौघांसारखा दिसणारा तरुण. निर्माता हॅल रोचपासून वेगळं झाल्यावर स्वतःच्या कंपनीतर्फे त्याने केलेला हा पहिला चित्रपट.

संवादांचं म्हणाल, तर इथल्या नायकाला मुळात बोलताच येत नाही. तो गावातल्या शिंप्याच्या दुकानात काकाच्या हाताखाली काम करतो आणि मुलगी समोर आली की त्याची त-त-प-प होते. कुणी शिट्टी वाजवली तरच अडकलेला शब्द सुटतो. हे तोतरेपण आपल्याला ऐकू येत नाही, दिसतं: ओठ, गळा, कावरेबावरे डोळे. बोलपटात हाच प्रकार पाच मिनिटांत नकोसा झाला असता.

आणि हा पठ्ठ्या रात्री जागून काय लिहितो, तर मुलींना प्रेमात कसं पाडावं याचं पुस्तक! त्यातली दोन प्रकरणं पडद्यावर दिसतात. एकात त्या प्रकरणातल्या मुलीशी धसमुसळेपणा आहे, तो आज खटकतो. पण चित्रपट हसतो तो लेखकाच्या फुशारकीला.

हस्तलिखित घेऊन शहरात प्रकाशकाकडे निघाला असताना त्याला आगगाडीत मेरी (जोबायना राल्स्टन) भेटते. तिच्याजवळ छोटं कुत्रं, आणि डब्यात कुत्र्याला बंदी. ते भुंकलं की हॅरल्ड (नायकाचंही नाव हेच) खोकल्याचं सोंग करतो. पुढे दोघं एकमेकांची आठवण म्हणून खाऊचे रिकामे खोके जपून ठेवतात. त्यातला एक कुत्र्याच्या बिस्किटांचा!

मला सगळ्यात आवडतो तो मधला भाग. प्रकाशनसंस्थेत पुस्तकाची टर उडवली जाते. आता आपण या श्रीमंत मुलीच्या योग्यतेचे नाही, असं ठरवून हॅरल्ड मेरीला सांगतो, की तू म्हणजे माझ्या पुस्तकासाठी केलेला एक प्रयोग होतीस. विनोदी नट म्हणून ज्याला ओळखतो त्याचा चेहरा इथे बघवत नाही. नंतर प्रकाशकाची अक्कल ठिकाणावर येते आणि तेच पुस्तक ‘बावळटाची डायरी’ अशा अर्थाच्या नावाने विनोदी म्हणून छापायचं ठरतं. सोबत ३००० डॉलरचा चेक. नकारच असणार म्हणून हा पठ्ठ्या पाकीट न उघडताच फाडतो!

मग शेवटची धावाधाव. मेरीचं लग्न ज्याच्याशी ठरलंय त्याची आधीच एक बायको आहे हे हॅरल्डला कळतं आणि तो मोटार, मोटारसायकल, घोडे, मिळेल ते वाहन पकडत सुटतो. ट्रामच्या टपावरच्या विजेच्या दांड्याला लोंबकळतो तो प्रसंग बघताना एक लक्षात ठेवा: १९१९ मधल्या एका स्फोटात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. पडद्यावर दिसतो तो हातमोज्यात बसवलेला कृत्रिम भाग. मंडपात पोचल्यावरही तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून तो सरळ नवरीलाच उचलून नेतो.

अमेरिकेत चित्रपटाचा कॉपीराइट २०१९ च्या अखेरीस संपला, त्यामुळे इंटरनेटवर पूर्ण मिळतो. फक्त नुसता पाठलाग तेवढा काढून बघू नका. आधीचा तासभर पाहिला नसेल, तर तो का धावतोय याची तुम्हाला फिकीरच वाटणार नाही.