नवीन गाडी आत्ता कुठे ४०० किमी झालीये, मुंबईहून समृद्धीने नागपूरला सलग १२० ने नेली तर इंजिनला त्रास होईल का?

बिनधास्त न्या, इंजिन काही जाम होत नाही, फक्त ते "सलग १२०" तेवढं करू नका. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे हे खरं, पण नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर अजून एकमेकांना घासून नीट बसलेले नसतात, त्यासाठी आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) कमी-जास्त होत राहावा लागतो आणि क्रूझ लावून तासन्‌तास एकाच स्पीडने गेलात की नेमकं तेच होत नाही. म्हणून पहिले १०००-१५०० किमी कधी ८०, कधी ९५, मध्येच जरा ११०, असं चालवा. ओव्हरटेकला पेडल पूर्ण दाबू नका. बाकी टॉप गिअरला १०० ने जाणाऱ्या इंजिनवर फार लोड नसतो, खरं तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जेवढा झिजतो तेवढा हायवेला झिजत नाही.

मला काळजी वाटते ती टायरची. गेल्या उन्हाळ्यात माझी गाडी जेमतेम ६०० किमी झालेली, मेव्हण्याच्या लग्नाला संभाजीनगरला निघालो, आई आणि दोन्ही पोरं मागे, डिकी फुल. शिर्डीच्या अलीकडे चहाला थांबलो आणि सहज टायरला हात लावून बघितला तर तीन कोमट आणि मागचा डावा असा तापलेला की हात टेकवत नव्हता! हवेचा गेज लावला, २४ पीएसआय. बाकीचे ३५-३६. खिळा घुसला होता, हवा हळूहळू जात होती आणि स्टिअरिंगवर काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हवा कमी असली की टायरची साइडवॉल दबून दबून तापते, त्यात खाली सिमेंटचा रस्ता, वर ऊन आणि १२० चा स्पीड, तिथेच टायर फुटतो. तसंच पुढे गेलो असतो तर काय झालं असतं हा विचार आजही नको वाटतो.

तर दर दीडदोन तासांनी थांबा, चारही टायरला हात लावून बघा, टायर तापल्यामुळे प्रेशर थोडं वाढलेलं दिसलं तर हवा सोडू नका, ते नॉर्मल आहे. टर्बो असेल तर थांबल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवा. पहिली सर्व्हिस आल्यावर लगेच करून घ्या. आणि निघायच्या सकाळी गाडी थंड असतानाच, दरवाज्याजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो तो बघून हवा भरा, स्टेपनीतसुद्धा.