नेट कोण खातंय ते आधी बघा

कॉम्प्युटरवर कुठलं अ‍ॅप नेटचा डेटा खातंय ते शोधायला नवीन सॉफ्टवेअर टाकायच्या आधी विंडोजमध्येच बघा ना, सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात डेटा युसेज (विंडोज 11 मध्ये ते अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत असतं), तिथे मागच्या 30 दिवसांत कुठल्या अ‍ॅपने किती एमबी उडवले ते नावानिशी दिसतं. आत्ता या क्षणाला कोण ओढतंय ते हवं असेल तर रिसोर्स मॉनिटर (हे विंडोजमधलंच टूल आहे) उघडून नेटवर्क टॅब बघा, सगळ्यात वरती बहुतेक ब्राउझर नाहीतर क्लाउडचं सिंकच असतं.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन, म्हणजे ‘इथे डेटा मोजूनमापून वापर’ असं विंडोजला सांगणारी सेटिंग, ऑन कराच, मी तर म्हणेन पहिलं काम हेच, कारण मग विंडोजचे बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि वनड्राइव्हचं सिंकही थांबतं. फक्त सिक्युरिटी अपडेट कायमचे अडवून ठेवू नका हं, चांगलं नेट मिळालं की लगेच करून घ्या.

डेटा लिमिट टाकायची सोय पण आहे, पण ती इशारा देते, नेट तोडत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. एखादं अ‍ॅप ऐकतच नसेल तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये (नेटवरची ये-जा अडवणारी सोय) त्याच्या ईएक्सई फाइलसाठी, म्हणजे ते अ‍ॅप चालवणाऱ्या मूळ फाइलसाठी, आउटबाउंड रूल (बाहेर जाणाऱ्या डेटाचा नियम) करून ब्लॉक करा. यादीत svchost.exe (एसव्हीसी-होस्ट) दिसलं तर मात्र हात लावू नका, त्याच्या आड विंडोजच्या कितीतरी सर्व्हिस चालतात.