१३ वर चहा का विचारला जात नाही?

तुझं अ‍ॅप चालवून पाहिलं. चौकटीत टाकलेल्या संख्येपर्यंत ते ० पासून एकेक आकडा दाखवतं, पण आकड्यात १ असला की त्याऐवजी ‘अय्या!’, २ असला की ‘अगं बाई!’, ३ असला की ‘चहा घेणार का?’ कल्पना झकास आहे. पण दोन अंक एकत्र आले तर मोठ्याचा मान, असा नियम तूच केलास आणि १३ वर मात्र ‘अय्या!’ येतंय. इफ-एल्सची, म्हणजे ‘हे असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटींची साखळी वरून खाली तपासली जाते. पहिली अट खरी ठरली की पुढच्यांना कोणी विचारत नाही. म्हणून ३ सगळ्यात वर, मग २, मग १.

अंक शोधायला १० ने भागून बाकी काढायच्या फंदात पडू नकोस. त्यात फक्त एककाचा अंक मिळतो, ३१ मधला ३ निसटतो. जावास्क्रिप्टमध्ये आकड्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर करून इन्क्लूड्स वापर; अमुक अंक त्यात आहे का ते कळतं, काम एका ओळीत होतं.

इनपुटची चौकट जास्त त्रास देईल. रिकामी सोडली तर मजकुराची संख्या करणारं नंबर फंक्शन गुपचूप ० देतं. आणि आपल्याकडची गंमत म्हणजे मराठी कीबोर्डवरून कोणी २० असं देवनागरीत टाकलं, तर त्या फंक्शनला ती संख्याच वाटत नाही. मग एकेक आकडा घेणारं लूप एकदाही फिरत नाही, पान ढिम्म. तिथे निदान एक सूचना दाखव.

रंगरंगोटी नंतर कर. आधी ० ते ९९ चालव आणि मोज: चहा १९ वेळा, ‘अगं बाई!’ १७, ‘अय्या!’ १५, नुसते आकडे ४९.