पदाची वेतनश्रेणी सुधारली, पण बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. पेन्शनमध्ये किती फरक पडेल?

फरक पडेल, पण व्हॉट्सॲपवर फिरतोय तेवढा नाही.

तुम्ही लिहिलंय की बाबा नागपुरातच राज्य शासनाच्या कार्यालयात वर्ग तीनमध्ये आहेत, पदाचा वेतनस्तर एस-10 वरून एस-13 झालाय, आदेशात '1 जानेवारी 2016 पासून काल्पनिक' असा शब्द आहे, आणि 2021 साली निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणतात की आम्हालाही मिळणार. मी आस्थापना शाखेत नोकरी काढली, वेतननिश्चितीची प्रकरणं हातून गेलीत, म्हणून लिहितो.

आधी आकडे बघा. एस-10 सुरू होतो 29,200 ला आणि एस-13 सुरू होतो 35,400 ला. हे दोन आकडे शेजारी ठेवून सगळे 6,200 चा हिशेब करतात. तो हिशेब नुकत्याच लागलेल्या पोराचा झाला. जुन्या माणसाचं मूळ वेतन वेतनवाढी घेत घेत आधीच वर गेलेलं असतं. समजा निश्चितीच्या दिवशी ते एस-10 मध्ये 49,600 आहे. वेतनाच्या तक्त्यात एस-13 च्या रकान्यात हा आकडाच नाही. 49,000 नंतर थेट 50,500 येतो. म्हणून वेतन 50,500 ला ठरेल. वाढ झाली 900 ची. पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे 24,800 च्या जागी 25,250. साडेचारशे रुपये आणि त्यावरची महागाई वाढ. पदोन्नतीत मिळते तशी जास्तीची एक वेतनवाढ इथे मिळत नाही, आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही. श्रेणी सुधारली की तळ वर उचलला जातो. जो आधीच वरच्या मजल्यावर आहे त्याला त्याचा फायदा कमीच.

बाबांना आश्वासित प्रगती योजनेचे (पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरचा वेतनस्तर देणारी योजना) लाभ मिळाले असतील तर हिशेब आणखी बदलतो. त्या लाभांनी ते आधीच एस-13 किंवा त्याच्या वर गेले असतील, तर पदाचा स्तर सुधारल्यावर 10, 20, 30 वर्षांच्या पायऱ्या नव्याने मोजाव्या लागतात. कधी त्यात चांगला फरक निघतो, कधी हाती शून्य येतं. हे प्रत्येकाचं सेवापुस्तक उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याचं ऐकू नका.

आता 'काल्पनिक'. राज्याच्या सातव्या वेतन आयोगासाठी नेमलेल्या बक्षी समितीच्या अहवालाच्या दुसऱ्या खंडानंतर 2023 साली आणि वेतनातल्या त्रुटी बघणाऱ्या खुल्लर समितीनंतर 2025 साली ज्या पदांचे स्तर सुधारले, त्यांना हाच साचा लागला: निश्चिती 2016 पासून कागदावर करायची, पैसे आदेशाच्या महिन्यापासून द्यायचे, मधल्या काळाची थकबाकी नाही. यावर लोक चिडतात, आणि चिडणं रास्तच आहे. पण जुन्या पेन्शन योजनेतल्या माणसाला ही कागदावरची वाढ फुकट जात नाही, कारण पेन्शन ठरते ती शेवटच्या मूळ वेतनावर (किंवा शेवटच्या 10 महिन्यांच्या सरासरीवर, जे जास्त असेल ते). खरा तोटा 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर लागलेल्या, एनपीएसमधल्यांचा (राष्ट्रीय पेन्शन योजना). त्यांच्या खात्यात प्रत्यक्ष मिळालेल्या पगारावरच वर्गणी जमा होते. जो पगार हातात आलाच नाही त्यावर कसली वर्गणी आणि कसलं व्याज?

शेजारच्या काकांना मिळू शकतं. ते 2016 नंतर निवृत्त झाले, म्हणजे काल्पनिक तारखेला नोकरीत होते. पण आपोआप काही होत नाही. ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे अर्ज द्यायचा, त्यांनी निश्चिती करून सुधारित प्रस्ताव पाठवायचा. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाचा (पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी एकरकमी रक्कम) फरक मिळतो का, ते त्यांच्या पदाच्या आदेशातच वाचायला सांगा. 2016 च्या आधी निवृत्त झालेल्यांना मात्र या सुधारणेतून काही नाही, त्यांची जुनी मूळ पेन्शन सातव्या वेतन आयोगात 2.57 ने गुणली, त्यातून जे वाढलं ते वाढलं. पेन्शनरांच्या सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या नकारा निकालाचा (निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांमध्ये भेद करू नये, असा निकाल) हवाला हमखास दिला जातो. पण पदाचा दर्जा नंतर वाढला की जुन्यांनाही तो लागू होतोच, असं त्या निकालातून निघत नाही.

बाबांनी आत्ता करायचं ते एवढंच: नवी निश्चिती सेवापुस्तकात नोंदवून वेतन पडताळणी पथकाकडून (वेतननिश्चिती बरोबर आहे का ते तपासणारं शासनाचं पथक) तपासून घ्यायची, आणि तीही पेन्शनचे कागद सिव्हिल लाइन्सला महालेखाकारांकडे जाण्याआधी. "पाठवली न जी फाईल" यावर विसंबू नका, जावक क्रमांक मागा. पथकाचा आक्षेप निवृत्तीनंतर निघाला तर जादा दिलेल्या पगाराची वसुली काढतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये रफीक मसीह प्रकरणात वर्ग तीन-चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले आणि वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करू नये म्हटलं. पण 2016 च्या जगदेव सिंग निकालाने त्यात फट ठेवली: जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलेलं असेल तर वसुली होऊ शकते. विकल्पासोबत, म्हणजे नवी वेतनश्रेणी स्वीकारताना भरायच्या कागदासोबत, असं हमीपत्र बहुतेक सगळेच न वाचता सही करून देतात. बाबांनी काय लिहून दिलंय त्याची प्रत काढून घ्या.

आणि निवृत्तीची तारीख 30 जून किंवा 31 डिसेंबर येत असेल, तर दुसऱ्या दिवशीची वेतनवाढ पेन्शनसाठी काल्पनिक धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 2023 चा निकाल आहे आणि शासनानेही त्यानंतर आदेश काढलेत. तुमच्या बाबांच्या बाबतीत ही एक वेतनवाढ श्रेणी सुधारल्याच्या फरकापेक्षा मोठी निघू शकते. 50,500 वरून 52,000. प्रस्तावात ती धरली आहे का, हे आधी बघा.