मुंबईत सोसायटीच्या गच्चीवरून आकाशदर्शन होतं का? हौशी खगोल अभ्यासकाला बोलावलं तर तयारी काय करावी?

तुमच्या कांदिवलीच्या सोसायटीत कोजागिरीच्या रात्री दीडशे जणांसाठी आकाशदर्शन ठेवायचं आहे, दुर्बीण घेऊन येणारे एक हौशी खगोल अभ्यासक मिळाले आहेत, पण इथल्या उजेडात काही दिसेल का, अशी तुम्हाला शंका आहे. मी आमच्या उपनगरात गच्च्यांवर असे कार्यक्रम आयोजित करते. दुर्बीण एक निवृत्त अभियंते सांभाळतात, सगळे त्यांना काकाच म्हणतात. तर, दिसतं. नक्की ठेवा. फक्त कोजागिरीला नको, आणि दीडशे जण एकदम नकोत.

पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्यप्रकाश समोरून पडतो, त्यामुळे सावल्या नसतात आणि दुर्बिणीतून तो सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. शिवाय जे थोडे तारे मुंबईत दिसतात, तेही त्याच्या उजेडात बुडतात. मसाला दूध कोजागिरीलाच प्या. दुर्बिणीसाठी मात्र कालनिर्णय उघडून शुद्ध षष्ठी ते नवमीमधला शनिवार शोधा. अष्टमीच्या सुमारास चंद्र सूर्यास्ताला जवळजवळ डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीकडे मावळतो. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. तिथे पहिल्यांदा डोळा लावणारा माणूस काही क्षण बोलतच नाही. महिना मार्गशीर्ष किंवा पौष धरा. कार्तिकात फटाक्यांचा धूर आणि उरलासुरला पाऊस असतो, आणि जून ते सप्टेंबर तर विचारच नको.

आता गर्दीचं. एका दुर्बिणीतून एका वेळी एकच डोळा पाहतो. दीडशे माणसं, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे एकट्या चंद्राला अडीच तास. मग स्वयंसेवक ‘चला, पुढे चला’ करू लागतात आणि लोक देवळातल्या रांगेसारखे सरकत राहतात. दिसलं नाही तरी ‘हो, दिसलं’ म्हणून बाजूला होतात, कारण मागे रांग असते. मला या एका गोष्टीचं फार वाईट वाटतं. दुर्बिणीतून पाहणं पहिल्या क्षणी जमत नाही. डोळा कुठे ठेवायचा ते कळायलाच दहा-पंधरा सेकंद जातात, आणि हवा स्थिर होऊन बारकावे दिसायला आणखी वेळ लागतो. म्हणून एका दुर्बिणीमागे तीस-पस्तीस माणसं, त्याहून जास्त नाहीत. ए विंगला साडेसातची वेळ द्या, बी विंगला नऊची. उरलेल्यांना पुढच्या महिन्याची अष्टमी. आणि रात्रभरात दहा गोष्टी दाखवायचा हट्ट धरू नका. चंद्र, एखादा ग्रह, मृगातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग), एवढंच प्रत्येकाला पोटभर पाहू द्या.

पाहून झालं की ‘दिसलं का?’ असं विचारू नका, ‘काय दिसलं?’ असं विचारा. गुरू असेल तर ‘बाजूला ठिपके किती?’ असं विचारा. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले ते चार चंद्र लहान दुर्बिणीतूनही दिसतात. एखादा कधी गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो, तेव्हा तीन मोजणारं पोरही बरोबर असू शकतं. जमलं तर गुरू साडेसातला आणि पुन्हा दहाला दाखवा. आयो हा आतला चंद्र साधारण ४२ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे तेवढ्या वेळात त्याची जागा बदललेली ओळखू येते. आपल्या गच्चीवरून दुसऱ्या ग्रहाभोवतीची हालचाल पाहिली, हे कळल्यावर मुलं जी ओरडतात ना!

शनीबद्दल लोकांना आधीच सांगून ठेवा. त्याची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे अगदी कडेने वळलेली होती, आता ती वर्षागणिक उघडत जातील. तेजोमेघाचंही तसंच. फोटोतला गुलाबी-जांभळा रंग दुर्बिणीत नसतो, चार ताऱ्यांभोवती पांढुरकं धुकं तेवढं दिसतं. पण तो प्रकाश सुमारे १,३०० वर्षांपूर्वी निघालेला असतो.

आकाश दाखवणारी माणसं किमान दोन हवीत, हे मी आग्रहाने सांगते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. शंभरपट मोठं करून पाहिलं की दिसणारं आकाश जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं, म्हणजे मधोमध धरलेला ग्रह मिनिटभरात कडेला जातो. साध्या डॉब्सोनियन प्रकारच्या दुर्बिणीला मोटर नसते, हाताने सारखं सरकवावं लागतं. तेच करणारा माणूस गर्दीला गोष्टीही सांगू शकत नाही. म्हणून काका दुर्बिणीपाशी, आणि मी दुसऱ्या कोपऱ्यात रांगेतल्या लोकांना नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवते.

आणि तो कोपरा कमी महत्त्वाचा नाही. आपल्याकडच्या आज्यांना सत्तावीस नक्षत्रं तोंडपाठ असतात, पण रोहिणी कुठली ते बोटाने दाखवलेलं नसतं. मृग म्हटलं की सगळ्यांना पाऊस आठवतो. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणजे तेव्हा ते नक्षत्र सूर्याच्या उजेडात लपलेलं असतं. तेच मार्गशीर्षात संध्याकाळी पूर्वेला उगवतं, पोटात घुसलेल्या तीन ताऱ्यांच्या बाणासकट, मागे व्याध. तांबूस रोहिणी, तिच्या पुढे कृत्तिकांचा पुंजका, हे मुंबईतूनही दिसतं. दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर जानेवारीअखेरीस दहाच्या सुमारास अगस्तीचा तारा दाखवा. मुंबईचा अक्षांश १९ अंश, म्हणून उत्तरेला ध्रुव तेवढाच वर, आणि दक्षिणेला अगस्तीही साधारण तितकाच. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची असते, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन मुठी. हे मोजायला लहानथोर सगळे हात लांब करतात. राशिभविष्याचे प्रश्न येतीलच. वाद घालू नका. ‘तुमची रास कुठली? या, आकाशात दाखवतो’ म्हणा.

गच्चीची तयारी तशी थोडीच. सेक्रेटरींची परवानगी, किल्ली, टाकीजवळचे दिवे बंद करायला वॉचमन. समोरच्या बिल्डिंगचा हॅलोजन विझवायला दोन दिवस आधी जाऊन गोड बोलून या. शेजारी बहुधा ऐकतात, त्यांनाही बोलवा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, फोनचे फ्लॅश बंद. कठडा कमी उंचीचा असेल तर तिथे मोठं माणूस उभं करा. दुर्बीण तासभर आधी वर आणून उघड्यावर ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला आला की चित्र थरथरत नाही. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर शेवटच्या जिन्यासाठी ज्येष्ठांना आधार, वर खुर्च्या, मुलांसाठी भक्कम स्टूल. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. हिरवा लेझर वापरणार असाल तर अभ्यासकांनाच वापरू द्या आणि विमान दिसताच बंद. डोक्यावरून विमानं सतत जातात आणि वैमानिकाच्या डोळ्यांना तो धोकादायक आहे.

हिवाळ्यातल्या धुरक्याने घाबरू नका. क्षितिजाजवळचं जातं, पण अशी हवा पुष्कळदा स्थिर असते, आणि स्थिर हवेत ग्रह छान ठसठशीत दिसतात. ढग आले तर मात्र सरळ पुढे ढकला. स्लाइड शो दाखवून वेळ मारून नेऊ नका.

मानधनाचं आधी स्पष्ट बोला. हौशी मंडळी पैसे नको म्हणतात, पण आठ इंची दुर्बिणीची नळी जवळपास चार फूट लांब असते, ती लोकलच्या गर्दीत येत नाही. जाण्यायेण्याची गाडी तुमच्या खर्चाने करा आणि जेवण घालून पाठवा. बोलावण्याआधी त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ गच्चीवर काढा. दिशा, झाडं, उंच इमारती त्यांना दिसतील, आणि ते लहान मुलांशी कसे बोलतात ते तुम्हाला दिसेल.

यानंतर चार-पाच जण तरी तुम्हाला विचारतील, ‘आकाशगंगा कुठे दिसते?’ ती मुंबईतून दिसत नाही. त्यांना खगोल मंडळाकडे पाठवा. १९८५ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी ही संस्था मुंबईबाहेर वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन घेत आली आहे. त्यासाठी तिथी मात्र उलटी निवडायची, अमावास्येच्या जवळची.