शनिवारची सुट्टी आणि ९ तास ३६ मिनिटांचा दिवस

प्रश्न : गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो, युनियनच्या समितीवर आहे. आमचा करार समेट अधिकाऱ्यांसमोर (कामगार-कंपनीत तडजोड घडवणारे सरकारी अधिकारी) झाला असून मार्च २०२७ पर्यंत चालू आहे. त्यात ‘आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास’ असे कलम आहे. १५ तारखेला कंपनीने बोर्डावर नोटीस लावली : येत्या १ तारखेपासून सोमवार ते शुक्रवार रोज ९ तास ३६ मिनिटे काम, शनिवार-रविवार बंद, ओव्हरटाइम ९ तास ३६ मिनिटांनंतरच, पगारी रजा ३० ऐवजी २५ दिवस. निम्म्या लोकांना शनिवार हवा आहे. बाकीचे म्हणतात, १ तारखेला सगळ्यांनी आठ तास भरले की गेटबाहेर पडायचे. काय करावे?

उत्तर : गेटबाहेर पडायचे आधी डोक्यातून काढा. ठरवून, सगळ्यांनी मिळून काम थांबवणे हा संप धरला जाऊ शकतो आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तरी तोही संपच. तुमची बाजू भक्कम असताना कंपनीला हे आयते हत्यार कशाला द्यायचे?

आता नोटीस. कामाचे तास, विश्रांतीची वेळ आणि पगारी रजा हे तिन्ही विषय संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यात बदल करायचा तर कलम ४० प्रमाणे बाधित कामगारांना रीतसर नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून २१ दिवस बदल अमलात आणता येत नाही. १५ ते १ या काळात २१ दिवस भरतच नाहीत. पण एवढ्यावर विसंबू नका; कंपनी उद्या नवी नोटीस लावून तारीख पुढे ढकलेल. खरा मुद्दा कराराचा आहे. समेट अधिकाऱ्यांसमोर झालेला करार सगळ्या कामगारांवर जसा बंधनकारक, तसाच कंपनीवरही. तो चालू असताना त्यातले कलम एकतर्फी नोटिशीने पुसता येत नाही.

म्हणून याच आठवड्यात दोन पत्रे द्या. पहिले कंपनीला : कराराचे कलम उतरवून बदलाला हरकत नोंदवा आणि आठ तासांपेक्षा मोठा दिवस कोणत्या सरकारी अधिसूचनेच्या आधारे ठरवला, ते लेखी मागा. पोच घ्या. दुसरे पत्र तुमच्या भागाच्या साहाय्यक श्रम आयुक्तांना, विवाद दाखल करण्यासाठी. यात बैठकीची तारीख लवकर मागा, कारण समेटाची कार्यवाही सुरू झाली असे नुसत्या अर्जाने होत नाही, पहिली बैठक व्हावी लागते. ती सुरू झाली की विवादाशी निगडित सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलायला मनाई आहे. तोवर नवे वेळापत्रक लादलेच, तर ‘हरकत राखून’ असे लिहून काम करा आणि हजेरीच्या नोंदी, पगारपत्रके जपून ठेवा.

तासांचा हिशोब असा. ४८ भागिले ५ म्हणजे ९ तास ३६ मिनिटे, आठवड्याची बेरीज तीच. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेचे कलम २५ दिवसाला आठ तास म्हणते. ओव्हरटाइम दिवसावर मोजायचा की आठवड्यावर, तर कामगाराला जे फायद्याचे ते, दर दुप्पट, आणि कामगाराची संमती हवी, असे कलम २७ म्हणते. रोजचे १ तास ३६ मिनिटे म्हणजे आठवड्याला बरोबर आठ तास. तासाला १०० रुपये पडत असतील तर दर आठवड्याला ८०० रुपयांचा फरक. ‘चार दिवस बारा तास’ असे निरोप मोबाइलवर फिरतात, ते पुढे पाठवणाऱ्यांनी ही दोन कलमे वाचलेली नसतात.

तरीही शनिवार हवा असणाऱ्यांना झिडकारू नका. बदल हवाच तर समेट अधिकाऱ्यांसमोर दुरुस्ती करार करून घ्या, कारण बाहेर केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच राहतो. मात्र कायद्याने मिळणारा ओव्हरटाइम सोडून देण्याची सही कोणत्याही करारात टिकत नाही. तो मुद्दा बाजूला ठेवला, तर भांडण होते ते पुढच्या बारीक शब्दांवर.

रजेचे गणित कंपनीने चुकवलेले नाही : ३० गुणिले ८ म्हणजे २४० तास, २४० भागिले ९.६ म्हणजे २५ दिवस. गोम आहे रजा विकताना. २५ दिवसांचे पैसे महिन्याच्या पगाराच्या एक-सव्विसांश, म्हणजे जुन्या आठ तासांच्या दिवसाच्या दराने दिले, तर पाच दिवसांचा पगार अलगद जातो. म्हणून शिल्लक रजा तासांत मांडा, रोखीकरणही तासाच्या दराने.

शनिवारला करारात ‘साप्ताहिक सुट्टी’च म्हणा. ‘बिनकामाचा दिवस’ लिहिलात तर ऑर्डर वाढली की साध्या दरात बोलावणे येईल.

सणासुदीच्या सुट्ट्यांचे काय, तेही लिहा. २०२६ चे कॅलेंडर काढा : १५ ऑगस्ट आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, दोन्ही शनिवारी. बदली सुट्टीचे कलम नसेल तर दोन्ही बुडाल्या. उलट, आठवड्यात आलेली सुट्टी तुम्हाला १ तास ३६ मिनिटे जास्तीची पडते, हे कंपनी टेबलावर मांडेलच. उत्तर तयार ठेवा.

आणि घड्याळ. सकाळी ८ ला कार्ड पंच केले, अर्धा तास जेवणाचा धरला, तर सुटायची वेळ ६ वाजून ६ मिनिटे. हजेरीचे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने मोजत असेल तर ती सहा मिनिटे कोणाच्या खात्यात जातात ते आधी विचारा, आणि कंपनीची बस ६ ला न सुटता सव्वासहाला सुटेल हे करारातच लिहून घ्या.